वळलेली मान आणि ती सरळ करण्याची घाई

मराठवाड्यातल्या एखाद्या घराच्या अंगणात ना गोधडी, ना चादर, ना पांघरूण, अशी एकटीच उशी सकाळपासून उन्हात तापत पडलेली दिसली, म्हणजे त्या घरात कोणाची तरी मान रात्रीतून आखडली आहे, हे शेजारपाजारच्या बायकांना निराळे सांगावे लागत नाही. नांदेड-लातूरकडचा हा शिरस्ता पुष्कळ जुना आहे. उशी उन्हात घालायची, निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून त्याचा शेक द्यायचा, करडईच्या तेलात लसणाच्या पाकळ्या काळ्या पडेतो कढवून त्या तेलाचा हात मानेवरून फिरवायचा, आणि एवढ्यानेही मान सुटली नाही तर गल्लीत कोणी पायाळू आहे काय, याची चौकशी करायची. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, अशा माणसाच्या पायाचा नुसता स्पर्श झाला तरी भरलेली उसण उतरते, अशी समजूत आहे, आणि तीवर श्रद्धा ठेवणारे लोक अडाणीच असतात असे नाही. चांगले पदवीधर गृहस्थही मान एका बाजूला धरून पायाळूच्या दारी गेलेले आढळतात.

या उपायांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. शेकाने स्नायू सैल होतो, तेलाच्या हलक्या हाताने वेदना कमी होते, आणि उन्हात तापलेली उशी निदान ऊबदार तरी असते. परंतु रात्रीतून आखडलेली बहुतेक मान दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात, काहीही न केले तरी मोकळी होते. आणि जो विकार मुळातच आपण होऊन बरा होणारा असतो, तो शेवटी जो उपाय केला त्याच्या पदरात यशाचा दाखला टाकून जातो. असे दाखले पिढ्यान्‌पिढ्या साठत गेले, की वाकड्या मानेचा इलाज आपल्याला ठाऊक आहे असा सर्वांचा समज होतो. वस्तुतः मान वाकडी होणे हे एका रोगाचे नाव नव्हे. ते निरनिराळ्या, परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या अनेक विकारांचे समान बाह्य लक्षण आहे; आणि ती कशाने वळली याचा निवाडा होण्यापूर्वीच तिला सरळ करण्याची जी घाई आपण करतो, तीच पुष्कळ वेळा मूळ विकारापेक्षा अधिक अपाय करून जाते.

मानेच्या दोन्ही अंगांना, कानामागच्या हाडापासून निघून तिरप्या रेषेने खाली छातीच्या मधल्या हाडापर्यंत आणि गळपट्टीच्या हाडापर्यंत उतरणारी एकेक जाड स्नायूची पट्टी असते. आरशासमोर उभे राहून चेहरा एका बाजूला वळवला, की विरुद्ध बाजूची पट्टी त्वचेखाली ताणलेली स्पष्ट दिसते. या पट्टीचे कार्य थोडे चमत्कारिक आहे. उजवीकडची पट्टी आखडली, तर डोके उजव्या खांद्याकडे कलते, पण हनुवटी मात्र डावीकडे वळते. बैलगाडीच्या जुवाचा एका अंगाचा दोर तोकडा झाला म्हणजे जू जसे नुसते कलत नाही, तर कलून फिरते, तसाच हा प्रकार. पाठीमागे, मानेच्या कण्याभोवती, याखेरीज स्नायूंचे आणखी कितीतरी थर असतात, आणि कण्याच्या सात मणक्यांमध्ये लहान लहान सांधे असतात. यांपैकी कोठेही इजा झाली, दाह झाला, किंवा मेंदूकडून चुकीचा हुकूम आला, तरी बाहेर दिसणारी कैफियत एकच : मान वाकडी.

सर्वांत नित्याचा प्रकार अर्थात रात्रीतून आखडण्याचा. लातूरच्या गंजगोलाईत, जेथे सोळा रस्ते एका वर्तुळाला येऊन मिळतात, किंवा बाजार समितीच्या आवारात, तूर-सोयाबीनची पोती मानेच्या मागल्या बाजूवर तोलून नेणारे हमाल. उसाच्या फडातून मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बायका. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत हंड्यावर हंडा ठेवून मैल मैल चाललेल्या मुली : यांच्या मानेची दुखणी ही या मुलखाच्या इतिहासाचाच एक भाग आहेत. अलीकडे त्यांत नवी भर पडली आहे. ‘लातूर पॅटर्न’ या परीक्षेच्या तयारीच्या पद्धतीच्या कीर्तीने दूरदूरच्या जिल्ह्यांतून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणारी, अक्षरशः मानेवर खडा ठेवून चौदा-चौदा तास पुस्तकावर आणि मोबाइलवर वाकलेली पोरे सकाळी उठतात ती मान धरूनच. त्यांना औषधापेक्षा पुस्तक डोळ्यांच्या पातळीपर्यंत उचलून धरणारा एखादा उतरता डेस्क आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून खांदे फिरवण्याची सवय अधिक उपयोगी पडेल; पण खोलीमालक डेस्क देत नाहीत, आणि शिकवणीवाले उठू देत नाहीत.

अशा आखडलेल्या मानेला काय करावे? शेक द्यावा, साधी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, आणि मान जितकी दुखू न देता हलेल तितकी दिवसातून अनेकदा हळूहळू हलवावी. पूर्वी अशा रुग्णाला गळपट्टा बांधून निजवून ठेवण्याची चाल होती. आता तज्ज्ञांचे मत फिरले आहे, कारण पट्ट्यात दीर्घकाळ राहिलेला स्नायू दुबळा होतो आणि अधिकच आखडतो. उशी फार उंच नसावी, पालथे निजू नये, आणि दुचाकीवरून फारसे हिंडू नये; एवढे पथ्य पाळले, की पायाळूची चौकशी करण्याची वेळ सहसा येत नाही.

येथेच एका गोष्टीचा स्पष्ट निषेध करणे आवश्यक वाटते. केशकर्तनालयात दाढी झाली, चंपी झाली, की कारागीर एक हात हनुवटीला आणि एक कवटीमागे लावून गिऱ्हाइकाची मान एका हिसड्यात कडाड्‌दिशी मोडतो, आणि त्या आवाजातच गिऱ्हाइकाला सुटल्याचे समाधान लाभते. हा सराव वर्षानुवर्षे निर्वेध चाललेला दिसतो म्हणून तो निर्धोक ठरत नाही. मानेच्या मणक्यांमधील छिद्रांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या वर जातात, आणि अवचित हिसड्याने त्यांच्या आतील अस्तराला चीर पडली, तर तेथे रक्ताची गुठळी होऊन धडधाकट तरुणालाही पक्षाघात होऊ शकतो. मान आधीच आखडलेली असताना तर हा धोका पत्करूच नये. हाडवैद्यांपैकी जे जाणते आहेत ते मानेला हात लावत नाहीत. जे लावतात, त्यांच्या जाणतेपणाविषयी शंका घ्यावी.

प्राचीनांना या विकाराची ओळख नव्हती असे नाही. सुश्रुताने निदानस्थानाच्या आरंभीच, वातव्याधींच्या वर्णनात, मन्यास्तंभ नावाचा विकार सांगितला असून दिवसा झोपणे, विषम स्थितीत बसणे वा राहणे, आणि सतत वर पाहत राहणे ही त्याची कारणे म्हणून दिली आहेत. चिकित्सेत कोरडा शेक आणि नस्य यांचा निर्देश आहे. छताला रंग देणारा रंगारी किंवा नारळाच्या झाडाकडे पाहत उभा राहणारा माणूस कारणांबद्दल आजही हेच सांगेल. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि तेथील बाह्यरुग्ण विभागात मन्यास्तंभाचा रुग्ण ही काही अपूर्वाई नव्हे. साध्या आखडलेल्या मानेसाठी तेथे जाण्यास कोणतीच हरकत दिसत नाही. हरकत आहे ती महिनोन्‌महिने न सुटणाऱ्या मानेवर तोच शेक आणि तेच तेल चालू ठेवण्याला.

आता अगदी निराळ्या वयाकडे वळू. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई दोन-तीन आठवड्यांच्या बाळाचे अंग चोळत असताना एक दिवस तिचे बोट थबकते : बाळाच्या मानेला एका अंगाला, कानाच्या खाली, बोराएवढी टणक गाठ लागते. बाळ रडत नाही, ताप नाही, दूध नीट पिते. पण नीट पाहिले तर ते नेहमी एकाच बाजूला तोंड करून निजलेले असते, आणि आईने दुसऱ्या बाजूने पाजायला घेतले की कुरकुरते. घरात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते नजर, कोणी म्हणते ग्रहणात आईने काही चिरले असेल, आणि आईच्या मनाला नाहक घोर लागतो. ही गाठ म्हणजे कर्करोग नव्हे, किंवा आईच्या वागण्याची शिक्षाही नव्हे. गर्भाशयात जागा अपुरी पडल्याने, किंवा प्रसूतीच्या वेळी ताण पडल्याने, मानेच्या त्या तिरप्या पट्टीत तंतुमय ऊतक तयार होते आणि पट्टी तोकडी होते; गाठ साधारण चार ते सहा महिन्यांत आपोआप विरघळते, परंतु पट्टीचा तोकडेपणा मात्र उपचार न केल्यास तसाच राहतो.

आणि येथे पायाळूची पुन्हा गाठ पडते. गर्भात जे मूल उलटे, म्हणजे पायांकडून खाली, बसलेले असते, त्याच्या मानेची पट्टी आखडण्याचा संभव इतर मुलांपेक्षा अधिक असतो, असे वैद्यकशास्त्र निःशंकपणे सांगते. दुसऱ्यांची मान सोडवण्यासाठी ज्याच्या पायाला गावात मान, त्याची स्वतःचीच मान जन्मतः वळण्याची भीती सर्वांत जास्त! अशा मुलांच्या खुब्याचा सांधाही कित्येकदा सैल असतो. म्हणून मान वाकडी असलेल्या बाळाचे खुबे तपासल्याशिवाय डॉक्टरांनी त्याला घरी पाठवू नये, आणि पाठवले तर आईवडिलांनी स्वतः तगादा लावून ते तपासून घ्यावेत. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून जातात, आणि खुब्याचा जन्मजात दोष त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. अंगणवाडीताईंच्या कानावर बाळाच्या मानेची गोष्ट घालणे हा त्या मार्गाचा पहिला मुक्काम ठरू शकतो.

उपचार इतका साधा आहे की त्यावर विश्वास बसू नये. समजा, बाळाची उजवी पट्टी आखडली आहे. तर भौतिकोपचारतज्ज्ञाने शिकवल्याप्रमाणे आईने बाळाचा उजवा खांदा एका हाताने हलकेच धरून ठेवावा, दुसऱ्या हाताने डोके डाव्या खांद्याकडे सावकाश कलवावे, तेथे मनातल्या मनात दहा-पंधरा अंक मोजेपर्यंत थांबावे आणि सोडावे. मग हनुवटी उजव्या खांद्याकडे सावकाश वळवून तसेच थांबावे. लंगोट बदलताना, अंग पुसताना, दिवसातून पुष्कळदा हे करावे. बाळ कळवळून रडले किंवा त्याचा श्वास अडखळला तर तत्क्षणी थांबावे. जोर लावून ओढणे सर्वस्वी वर्ज्य. याच्या जोडीला बाळाचा खुळखुळा, दिवा, आईचा आवाज हे सारे उजवीकडून येऊ द्यावे, म्हणजे ज्या बाजूला वळणे त्याला अवघड जाते त्या बाजूला ते स्वतःच वळू पाहील. आणि जागे असताना, समोर कोणी बसलेले असताना, त्याला थोडा थोडा वेळ पालथे घालावे, म्हणजे मान उचलण्याचा व्यायाम होतो. एकाच बाजूवर सतत निजल्याने डोके मागून चपटे होते, त्यालाही यानेच आळा बसतो. राळ्याची उशी दिल्याने डोके गोल होईल या आशेवर बसू नये. पहिल्या तीन महिन्यांत सुरुवात झाली, तर दहांपैकी नऊ मुलांची मान शस्त्रक्रियेवाचून मोकळी होते. उशीर झाला की हेच प्रमाण घसरत जाते, आणि एक वर्षानंतरही मान वळत नसेल तर पट्टी छेदून सैल करण्याची लहानशी शस्त्रक्रिया करावी लागते. ती लांबवत नेली, आणि मूल शाळेत जाऊ लागले, की एका बाजूचा गाल आणि डोळा दुसऱ्याहून लहान दिसू लागतो, व चेहऱ्याचा तो फरक मग पुरता भरून येत नाही. मुलीचे लग्न ठरवताना छायाचित्र कोणत्या बाजूने काढावे याचा विचार करणारे आईबाप मी पाहिले आहेत. तो विचार त्यांना वीस वर्षे आधी, पाळण्यापाशीच, करता आला असता.

मात्र ताण देण्यास सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांनी एकदा तपासलेच पाहिजे, कारण काही मुलांच्या मानेचे मणकेच जन्मतः एकमेकांना जुळलेले असतात आणि त्यांची मान ताणणे धोक्याचे असते. काही मुलांची मान तर मुळीच आखडलेली नसते. डोळ्याच्या एका स्नायूचे बळ कमी असल्यामुळे त्यांना एकाचे दोन दिसतात, आणि ते दोन एक करण्यासाठी मूल आपण होऊन डोके कलवते. त्याचा एक डोळा हाताने झाकला, की मान सरळ होते! अशा मुलाला मानेचे व्यायाम देणे व्यर्थ. त्याला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

यानंतरचा प्रकार असा की, त्यातील अज्ञानाची किंमत मला सर्वांत अधिक खटकते. ओकाऱ्या थांबवण्यासाठी दिली जाणारी मेटोक्लोप्रामाइड ही गोळी किंवा इंजेक्शन, आणि मनोविकारांवरची हॅलोपेरिडॉलसारखी औषधे, काही जणांच्या, विशेषतः मुलांच्या आणि तरुणांच्या, मेंदूतील एका रासायनिक द्रव्याचा मार्ग अडवतात. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत, मान एका बाजूला किंवा मागे ओढली जाते, डोळे वर चढतात, जबडा ताठ होतो, जीभ बाहेर येते, पण शुद्ध पूर्ण असते. काल दवाखान्यात जाऊन आलेली सोळा वर्षांची पोर आज संध्याकाळी अशी दिसली, की घरात पहिला उद्गार निघतो तो ‘बाहेरचं झालंय’ असाच, आणि तिला रुग्णालयाऐवजी देवऋष्याकडे नेण्याची तजवीज होते. प्रोमेथाझिनसारख्या औषधाचे एक इंजेक्शन दिले की अर्ध्या तासाच्या आत मान, डोळे, जीभ सारे पूर्ववत होते. तेच त्या मुलीच्या आयुष्यात पुढे कायमचे चिकटणाऱ्या ‘बाधे’च्या शिक्क्यातून तिला सोडवू शकते. अंगात भूत आहे असे सांगून मारझोड करणे, धुरी देणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे असे वाटते. परंतु ती अवस्था औषधाची असू शकते, आणि घरात पडलेले गोळ्यांचे रिकामे पाकीट हाच तिचा पुरावा असतो, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे.

काही प्रसंगी एक तासही दवडू नये. मुलाला ताप आहे, घसा दुखतो, गिळता येत नाही, लाळ गळते आणि मान ताठ झाली आहे, तर घशामागे पू झाला असण्याचा संभव असतो. हनुवटी छातीला टेकत नाही, उलट्या होतात, उजेड सहन होत नाही, तर मेंदूज्वर. जखम झाल्यावर काही दिवसांनी जबडा आवळतो आणि मान ताठ होते, तर धनुर्वात. पडल्यानंतर मान वळली असेल तर ती मुळीच न हलवता जशी आहे तशी आधार देऊन न्यावी. हातापायांत मुंग्या, जोर कमी होणे, चालताना झोक जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही मज्जारज्जूवर दाब पडल्याची चिन्हे होत. आणि आठवडेच्या आठवडे रात्री दुखणारी मान, संध्याकाळचा बारीक ताप, वजनातली घट असा त्रिवेणी योग आपल्या देशात जेथे जेथे दिसेल, तेथे मणक्याच्या क्षयाची शंका आधी घ्यावी. तो औषधाने बरा होतो, आणि चोळण्याने मणका ढासळतो.

आता राहिला तो प्रकार, ज्याला वैद्यक सर्व्हायकल डिस्टोनिया म्हणते, आणि ज्यात बिघाड मानेत नसून मेंदूत असतो. बहुधा चाळिशी-पन्नाशीत, स्त्रियांना पुरुषांपेक्षा काहीसा अधिक, हा विकार जडतो. सुरुवात इतकी हलकी असते की रुग्णालाच कळत नाही : रस्त्याने चालताना चेहरा आपोआप डावीकडे जातो, छायाचित्रात डोके तिरके दिसते, भाकरी थापताना मानेत ओढ लागते. मग महिन्यामहिन्यांनी ओढ वाढते, डोके ‘नाही नाही’ म्हटल्यासारखे हलू लागते, एका बाजूचा स्नायू दोरासारखा फुगतो, आणि बहुतेकांना वेदना होऊ लागते. चालताना, चारचौघांत, मन उद्विग्न असताना ती अधिक. आडवे झाल्यावर कमी. आणि झोपेत तर मान सरळच. हे शेवटचे लक्षण रुग्णाच्या विरुद्ध साक्ष देते. झोपेत सरळ राहते म्हणजे जागेपणी मुद्दाम करते, असा आरोप सुनेवर झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

या अन्यायात केवळ आपल्याच सासवा सामील होत्या असे मात्र समजू नये. पॅरिसचा नामवंत मज्जातंतुतज्ज्ञ एदुआर ब्रिसो याने १८९४ मध्ये या विकाराला मानसिक ठरवले, आणि त्याच्या विद्वत्तेच्या वजनाखाली युरोपातील हजारो रुग्णांची मान कित्येक दशके मनोविकाराच्या खात्यात नोंदली गेली. १९११ मध्ये बर्लिनच्या हेर्मान ओपनहाइमने डिस्टोनिया ही संज्ञा दिली. तरीही या वळणाऱ्या मानेला मेंदूच्या विकारांत निर्विवाद स्थान मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ब्रिसोची दिशाभूल ज्या गोष्टीने केली, तीच या विकाराची सर्वांत विलक्षण खूण आहे. ज्या मानेला दोन धट्टेकट्टे माणसे बळाने सरळ करू शकत नाहीत, ती मान रुग्णाने स्वतःचे एक बोट हनुवटीला किंवा गालाला नुसते टेकवले की सरळ होते. आडतीवर बसलेला एखादा मुनीम हिशेब लिहिताना सदैव डावा हात गालावर ठेवून बसतो, आणि लोक त्याला चिंतातुर समजतात. नीट पाहिले तर त्या हाताचा गालावर भार मुळीच नसतो, केवळ स्पर्श असतो, आणि हात काढला की क्षणार्धात त्याचा चेहरा खांद्याकडे फिरतो. कोणी डोक्याला मागे भिंतीचा आधार घेते, कोणी पदराचे टोक दातांत धरते, कोणी रुमाल मानेभोवती गुंडाळून ठेवते. मेंदूला त्या स्पर्शाने नेमका कोणता संदेश जातो याचा उलगडा पुरता झालेला नाही; परंतु रुग्णाने ही युक्ती डॉक्टरांपासून लपवू नये, कारण निदानाचा तोच बळकट पुरावा आहे, आणि ती वापरण्यात लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

तरुण वयात अशी मान वळू लागली, तर मात्र आणखी एका दिशेने तपास झाला पाहिजे. विल्सनच्या विकारात शरीरात तांबे साठत जाते, यकृत बिघडते, आणि मेंदूच्या खोल भागात इजा होऊन मान, हात, वाचा वळू लागतात. आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून सदोष बीज आले तरच हा विकार होतो. आणि मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची वहिवाट ज्या मुलखात अद्याप जिवंत आहे, तेथे ही शक्यता विसरून चालणार नाही. वेळीच ओळखला तर जस्ताच्या आणि तांबे बाहेर काढणाऱ्या औषधांनी तो आटोक्यात राहतो.

डिस्टोनियावर आज सर्वांत परिणामकारक ठरलेले औषध हे एक भयंकर विष आहे. शिळ्या, हवाबंद मांसात वाढणाऱ्या जंतूपासून होणारे बोट्युलिनम विष अत्यल्प मात्रेत स्नायूत टोचले, तर मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा हुकूम तेवढ्यापुरता अडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी ते प्रथम तिरळ्या डोळ्यांसाठी वापरले; व्हँकुव्हरच्या डॉक्टरांनी वळणाऱ्या मानेवरील त्याची काटेकोर चाचणी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली; आणि अमेरिकेत या विकारासाठी त्याला रीतसर परवाना २००० साली मिळाला. कोणता स्नायू ओढतो आहे हे बोटांनी आणि कधी विद्युत्‌ तपासणीने शोधून त्यातच टोचावे लागते. परिणाम काही दिवसांनी दिसू लागतो, साधारण तीन महिने टिकतो, आणि मग पुन्हा टोचावे लागते. काहींना काही दिवस गिळताना अडखळल्यासारखे होते, तोंड कोरडे पडते. ते डॉक्टरांना सांगितले तर पुढल्या वेळी मात्रा बदलता येते. तोंडाने घेण्याची ट्रायहेक्सीफेनिडिल, क्लोनाझेपाम, बॅक्लोफेन ही औषधे काहींना साह्य करतात, पण वयस्कांत विसराळूपणा आणि गुंगी आणतात. यातले काहीच पुरेसे झाले नाही, तर मेंदूच्या खोल भागात बारीक तारा बसवून मंद विद्युत्‌प्रवाह देण्याची शस्त्रक्रिया आहे. ती मोठ्या केंद्रांतच होते. क्वचित काही रुग्णांचा विकार पहिल्या काही वर्षांत आपण होऊन मागे हटतो, बहुधा तात्पुरता, आणि त्या काळात जो बाबा भेटला असेल त्याची कीर्ती गावोगाव पसरते.

नांदेडला १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जे आता विष्णुपुरी येथे असून डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाने ओळखले जाते. लातूरला २००२ पासून शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. आणि त्याही आधी, १९६६ पासून, डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले विवेकानंद रुग्णालय लातूरकरांच्या परिचयाचे आहे. बाळाची मान, आखडलेली मान, क्षयाची शंका, औषधाने वळलेली मान यांसाठी जिल्ह्याबाहेर जाण्याचे प्रयोजन नाही. बोट्युलिनमसाठी आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र पुणे, मुंबई, किंवा निजामाच्या काळापासून या मुलखाची रोगराईतली वाट जिकडे जाते त्या हैदराबादेची गाडी धरावी लागण्याचा संभव आहे. राज्याच्या जीवनदायी योजनेचा पहिला टप्पा २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत नांदेड होते. आता महात्मा फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या तिच्यात कोणता उपचार बसतो, हे निघण्यापूर्वीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.

जाताना कागदपत्रांच्या पिशवीत तीन गोष्टी असाव्यात. एक, आजवर घेतलेल्या सर्व औषधांची पाकिटे, आयुर्वेदिक आणि ‘साधी ओकारीची गोळी’ धरून. दुसरी, तीन-चार वर्षांपूर्वीचे एखादे लग्नातले छायाचित्र, म्हणजे मान केव्हापासून कलू लागली ते ठरवता येईल. आणि तिसरी, रुग्ण नकळत चालत असताना घरच्यांनी मोबाइलवर घेतलेले दोन मिनिटांचे चलच्चित्र; कारण तपासणीच्या खोलीत खुर्चीच्या पाठीला डोके टेकून बसलेल्या रुग्णाची मान पुष्कळदा सरळ दिसते, आणि तीनशे किलोमीटर आलेल्या माणसाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून परत फिरावे लागते.